कोर्ग ट्रायटनमध्ये पेटी आणि संबळ कसे भरायचे

कार्यक्रमात गोंधळाचं गाणं आलं की सगळे कीबोर्डवाल्याकडे बघतात, कारण संबळवादक प्रत्येक दौऱ्यावर सोबत असतोच असं नाही. कोर्ग कंपनीच्या ट्रायटन कीबोर्डमधले पियानो, स्ट्रिंग, ब्रास आजही कानाला गोड लागतात. संबळ मात्र त्यात शोधून सापडत नाही, आणि पेटी म्हणून जे काही वाजवता येतं ते ॲकॉर्डियनच्या अंगाने जातं. तेव्हा खरी पेटी आणि खरा संबळ समोर ठेवून त्यांचे सॅम्पल, म्हणजे खऱ्या आवाजाचे रेकॉर्ड केलेले तुकडे, घेणं हाच मार्ग. ट्रायटन १९९९ साली आला. नंतर २००२ मध्ये ट्रायटन स्टुडिओ आणि २००४ मध्ये ट्रायटन एक्स्ट्रीम आला. तिन्हींमध्ये सॅम्पलिंगची सोय मुळातच आहे, ट्रायटन ले असेल तर मात्र सॅम्पलिंगचा वेगळा बोर्ड बसवावा लागतो. पानांची मांडणी थोडीफार बदलते, कामाची रीत तीच राहते.

सॅम्पल घेणं एका दुपारचं काम आहे. तो पाच वर्षांनी, ऐन कार्यक्रमात, त्याच कळांवर आणि त्याच आवाजात वाजला पाहिजे, यासाठी खरी मेहनत लागते. म्हणून या लेखात रेकॉर्डिंगइतकीच जागा मी साठवणुकीला दिली आहे.

रॅम म्हणजे पाटी

ट्रायटनमध्ये सॅम्पल रॅममध्ये उतरतो आणि कीबोर्ड बंद केला की रॅम कोरी होते. तुम्ही बनवलेला प्रोग्रॅम मशीनमध्ये राहतो, त्याचं नाव पडद्यावर दिसतं, पण त्यामागचा आवाज गेलेला असतो. कळ दाबली तर काहीच ऐकू येत नाही. नवख्या माणसाला वाटतं की कीबोर्ड बिघडला.

मी पहिल्यांदा पेटी भरायला बसलो तेव्हा अकरा सूर घेऊन झाले होते. बारावा घेताना दिवे गेले. पेटी मागून आणलेली होती आणि वाजवणारे काका संध्याकाळी गावी निघणार होते. त्या दिवसापासून दर तीन-चार सुरांनंतर मी सेव्ह करतो आणि कीबोर्ड यूपीएसवर लावल्याशिवाय हे काम सुरूच करत नाही. तुम्हीही पहिल्याच सॅम्पलपासून ही सवय लावा.

आता जागेचं गणित. ट्रायटन १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करतो. म्हणजे एका सेकंदात ४८,००० आकडे आणि प्रत्येक आकड्याला दोन बाइट. मोनो आवाजाच्या एका सेकंदाला ९६,००० बाइट लागतात, स्टिरिओला त्याच्या दुप्पट. मशीनसोबत १६ एमबी रॅम येते, त्यात मोनोची साधारण २ मिनिटं ५४ सेकंद मावतात. जास्तीची सिम (रॅमची पट्टी) लावून मूळ ट्रायटनमध्ये ६४ एमबीपर्यंत आणि स्टुडिओ किंवा एक्स्ट्रीममध्ये ९६ एमबीपर्यंत जाता येतं. जुना कीबोर्ड विकत घेताना आत किती रॅम आहे हे पडद्यावर बघूनच घ्या. विकणाऱ्यालाही ते माहीत नसतं असं पुष्कळदा होतं.

फोनवर चार मिनिटांचं गाणं सहज ठेवणाऱ्याला १६ एमबी ऐकून हसू येईल, पण वाद्याला एवढी जागा पुष्कळ होते. तीन सप्तकांच्या पेटीचे १३ सूर, प्रत्येकी चार सेकंद, मोनो, धरले तर जेमतेम ५ एमबी होतात. कापून आणि लूप करून, म्हणजे मधला भाग पुन्हा पुन्हा फिरता ठेवून, ते आणखी कमी होतात. मी पेटी मोनोच घेतो. मंचावरचे स्पीकर पुष्कळ ठिकाणी मोनोच असतात, आणि वाचलेल्या जागेत संबळाचे जास्तीचे ठोके बसतात.

कोण कोणाला धरून आहे

रेकॉर्ड करण्याआधी चार नावं डोक्यात पक्की बसवा. पुढचे बहुतेक गोंधळ या चारांच्या घोटाळ्यातून होतात.

सॅम्पल म्हणजे एक रेकॉर्ड केलेला तुकडा, म्हणजे पेटीचा एक सूर किंवा संबळाचा एक ठोका. मल्टिसॅम्पल म्हणजे असे अनेक तुकडे कळांवर वाटून दिलेला नकाशा. या नकाशातल्या एकेका पट्ट्याला ट्रायटन इंडेक्स म्हणतो. प्रोग्रॅम तो मल्टिसॅम्पल उचलतो आणि त्याला फिल्टर, आवाजाची चढ-उतर, इफेक्ट लावतो. आपण ज्याला 'टोन' म्हणतो तो हाच. कॉम्बिनेशनमध्ये असे अनेक प्रोग्रॅम एकत्र येतात.

प्रोग्रॅम मल्टिसॅम्पलला नावाने ओळखत नाही, क्रमांकाने ओळखतो. पेटीचा मल्टिसॅम्पल ००० क्रमांकावर असताना प्रोग्रॅम बनवला आणि उद्या ००० वर संबळ येऊन बसला, तर 'पेटी' नावाच्या टोनमधून संबळ वाजेल. हे आत्ता लक्षात ठेवा, सेव्हिंगच्या वेळी पुन्हा लागणार आहे.

जोडणी

ट्रायटनच्या मागे ऑडिओ इनपुट १ आणि २ आहेत. त्यांच्याजवळ माइक आणि लाइन असा स्विच आणि लेव्हलचा नॉब आहे. मंचावर गायक वापरतात तो साधा डायनॅमिक माइक थेट लावायचा असेल तर स्विच माइकवर ठेवा. कंडेन्सर माइकला लागणारी फँटम पॉवर कीबोर्ड देत नाही. तो माइक छोट्या मिक्सरला लावा आणि मिक्सरची वायर लाइनवर घ्या. माझी पसंती मिक्सरलाच आहे, कारण त्यावरचा गेन हाताशी राहतो.

सॅम्पलिंगचं बटण दाबलं की रेकॉर्डिंगचं पान उघडतं. माइक सुरू, लेव्हल वर आणि तरी मीटर हलत नाही, अशी वेळ बहुतेकांवर येते. कारण साधं असतं: इनपुटच्या ओळीतला 'बस', म्हणजे आवाज कुठे पाठवायचा ते ठरवणारी सेटिंग, ऑफ असतो. तो एल-आरवर आणा. इनपुट १ चा पॅन पूर्ण डावीकडे आणि सॅम्पलचा प्रकार एल-मोनो ठेवा. बसमध्ये इफेक्ट निवडून रिव्हर्बसकट सॅम्पल घेता येतो, पण घेऊ नका. रिव्हर्ब नंतर केव्हाही लावता येतो, सॅम्पलमध्ये मुरलेला काढता येत नाही. शिवाय वरच्या कळांवर तोच रिव्हर्ब भरभर धावतो आणि खालच्या कळांवर रेंगाळतो, ते कानाला खटकतं.

स्पीकर बंद ठेवा, हेडफोन लावा. माइक आणि स्पीकर एकाच खोलीत चालू असले की शिट्टी ठरलेली.

खोलीबद्दल थोडं सांगतो. महागड्या माइकपेक्षा शांत खोली जास्त उपयोगी पडते. पंखा बंद, फ्रिजचं बटण बंद, खिडकीला जाड गोधडी. मी हे काम पहाटे पाचला करतो, रस्ता जागा होण्याआधी. एका सुरात दूर गेलेला हॉर्न एकट्याने ऐकताना चालून जातो. पण तोच सूर लूपमध्ये टाकला की दर दोन सेकंदांनी हॉर्न वाजतो.

पेटीचे सूर

प्रत्येक कळीचा वेगळा सूर घ्यायची गरज नाही. एक सूर दोन्ही बाजूंना एकेक कळ ताणला तरी पेटीपण टिकतं. म्हणून सप्तकात चार सूर घ्यायचे: पांढरी १, काळी २, काळी ३ आणि पांढरी ६. काळी २ चा सॅम्पल पांढरी २ पासून पांढरी ३ पर्यंत तीन कळा सांभाळतो, काळी ३ चा सॅम्पल पांढरी ४ पासून पांढरी ५ पर्यंत, आणि असंच पुढे. तीन सप्तकांत १२ सूर, वरचा षड्ज धरून १३. सहा-सहा कळांना एक सूर ताणला तर वरच्या कळेवर पेटी बारीक, नाकातून बोलल्यासारखी वाटते आणि खालच्या कळेवर घोगरी होते, तो मोह टाळा.

पसंतीच्या (प्रेफरन्स) पानावर नव्या इंडेक्सची रुंदी तीन कळा आणि मूळ कळेची जागा मध्ये अशी ठेवा. मग क्रिएट दाबत गेलात की पट्टे आपोआप योग्य मापाचे पडतात.

वाजवणारा आणि रेकॉर्ड करणारा ही दोन माणसं असावीत. भाता एकसारखा चालणं फार महत्त्वाचं आहे. दाब वाढला-घटला की पेटीचा स्वरही किंचित हलतो, आणि ते हलणं लूपमध्ये उघडं पडतं. वाजवणाऱ्याला सांगा: आधी भाता भरून घ्या, मग कळ दाबा, आणि सूर संपेपर्यंत भाता नवीन उचलू नका. माइक भात्याच्या बाजूला नको, सूर जिथून बाहेर पडतो तिथे, हातभर अंतरावर.

पेटी दुहेरी सुरांची असेल तर आणखी एक निर्णय घ्यावा लागतो. एकाच स्वराच्या दोन पट्ट्यांत (रीडमध्ये) किंचित फरक असतो, त्यामुळे सूर डुलतो. एक पट्टी ४४० वर आणि दुसरी ४४१ हर्ट्झवर असेल तर सेकंदाला एक डोल ऐकू येतो. हा डोल लूपमध्ये पकडणं जिकिरीचं आहे. स्टॉप खेचून एकच पट्टी वाजवता येत असेल तर तीच घ्या. नंतर प्रोग्रॅममध्ये दोन ऑसिलेटरांवर (आवाजाच्या दोन थरांवर) तोच मल्टिसॅम्पल ठेवून एकाची ट्यूनिंग दोन-तीन सेंटने हलवा; सेंट म्हणजे शेजारच्या दोन कळांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. डोल परत येतो आणि त्याची गती तुमच्या हातात राहते.

आता लेव्हल. पेटी सर्वांत जोरात वाजवून घ्या आणि पडद्याकडे बघा. 'एडीसी ओव्हरलोड' असं आलं तर आवाज आत शिरतानाच फाटतोय, तेव्हा मागचा नॉब किंवा मिक्सरचा गेन कमी करा. 'क्लिप' आलं तर पडद्यावरची रेकॉर्डिंग लेव्हल खाली घ्या. या दोन इशाऱ्यांची सरमिसळ करू नका. पहिला आलेला असताना पडद्यावरची पट्टी कितीही खाली ओढली तरी फाटलेला आवाज फाटलेलाच राहतो, फक्त लहान होतो. एकदा लेव्हल ठरली की १३ही सुरांना तीच ठेवा.

ट्रिगर थ्रेशोल्डवर ठेवा, म्हणजे ठरावीक मोठेपणाचा आवाज आला की रेकॉर्डिंग आपोआप सुरू होतं. पेटीचा सूर हळू उमलतो, त्याची सुरुवात कापली जाऊ नये म्हणून प्री-ट्रिगरला थोडा वेळ द्या. मग रेक-राइट, त्यानंतर स्टार्ट-स्टॉप. मशीन वाट बघत थांबतं. सूर वाजवा, पाच सेकंद धरा, स्टार्ट-स्टॉपने थांबवा. लगेच ऐका. नंतर निवड करू, असं म्हणत सहा-सहा टेक ठेवू नका. चांगला तेवढा ठेवा, बाकी तिथल्या तिथे पुसा.

नावही तिथल्या तिथे द्या. सॅम्पलला १६ अक्षरांचं नाव देता येतं, त्यात वाद्य, कळ आणि सप्तक बसवा. स्टिरिओ सॅम्पल घेतलात तर मशीन नावाच्या शेवटी एल आणि आरची खूण लावतं. ती पुसू नका, त्या खुणेवरूनच दोन बाजूंची जोडी ओळखली जाते.

कापणं

सॅम्पल एडिटच्या पानावर लाट दिसते. सुरुवातीची शांतता आणि शेवटी कळ सोडल्याचा खटका काढायचा आहे. 'यूज झीरो'ची खूण लावून ठेवा, म्हणजे कापण्याची जागा लाट शून्यातून जाते तिथेच पडते आणि टिक असा आवाज होत नाही. मग ट्रंकेट.

ट्रायटनवर सॅम्पलची कापाकापी मागे घेता येत नाही, कंपेअरचं बटण इथे कामाला येत नाही. म्हणून ट्रंकेटच्या चौकटीत 'ओव्हरराइट'ची खूण काढा आणि कापलेला सॅम्पल नव्या क्रमांकावर जाऊ द्या. पटला की जुना पुसा. जागा तात्पुरती दुप्पट लागते, पण पेटीवाल्या काकांना पुन्हा बोलवावं लागत नाही.

नॉर्मलाइझ, म्हणजे आवाज जास्तीत जास्त पातळीपर्यंत वाढवणं, प्रत्येक सुरावर वेगवेगळं करू नका. खऱ्या पेटीत खालचे सूर भरदार आणि वरचे बारीक असतात. सगळे एका मापात आणले की पेटी सपाट होते. एखादा सूर फारच पुढे येत असेल तर मल्टिसॅम्पल एडिटमध्ये त्या इंडेक्सची लेव्हल थोडी कमी करा. पेटीची मूळ ट्यूनिंग ४४० वर नसेल तर तिथलाच पिच वापरून प्रत्येक इंडेक्स ट्यूनरवर जुळवा. हे कंटाळवाणं आहे, पण बासरीबरोबर वाजवायचं असेल तर टाळता येत नाही.

लूप

माणूस चार सेकंदांपेक्षा जास्त वेळ कळ धरणारच, तेव्हा सॅम्पलचा मधला भाग फिरत राहायला हवा. पेटीत सगळ्यात जास्त वेळ यालाच जातो.

समजा मधल्या सप्तकातली पांढरी ६ आहे, स्वर नेमका ४४० हर्ट्झ. सेकंदात ४८,००० आकडे आणि ४४० लाटा, म्हणजे एक लाट साधारण १०९ आकड्यांची. अकरा लाटा बरोबर १,२०० आकड्यांत बसतात. लूपची सुरुवात ७२,००० वर घ्या, म्हणजे दीड सेकंदावर. तोवर सुराचा आरंभ संपून तो स्थिर झालेला असतो. शेवट १,६८,००० वर घ्या, म्हणजे साडेतीन सेकंदांवर. मधले ९६,००० आकडे म्हणजे दोन सेकंद, बरोबर ८८० लाटा. शेवटची लाट जिथे संपते तिथेच पहिली सुरू होते, सांधा ऐकू येत नाही.

खरी पेटी इतकी नेमकी कधीच नसते. म्हणून या हिशेबाने जवळ जा आणि मग शेवटचा आकडा एकेक करून हलवत हेडफोनवर ऐका. सांध्यावर तीन गोष्टी ऐकू येऊ शकतात. टिक वाजत असेल तर लाटा जुळलेल्या नाहीत, शेवट काही आकडे पुढे-मागे करा. 'वँ-वँ' अशी गिरकी येत असेल तर सुरुवातीला आणि शेवटी आवाजाचा जोर वेगळा आहे. लूप मागे सरकवा, भाता जिथे एकसारखा होता असा भाग शोधा. आणि स्वर उडी मारत असेल तर भात्याचा दाब बदललेला आहे. तो सूर पुन्हा रेकॉर्ड करणं हाच उपाय, त्यावर अर्धा तास घालवू नका.

एवढं करून थोडा सांधा उरलाच तर क्रॉसफेड लूप वापरा. त्यात शेवटाकडचा आवाज आणि लूपच्या सुरुवातीआधीचा आवाज एकमेकांत विरघळवले जातात. हाही सॅम्पलमध्ये कायमचा बदल आहे, त्यामुळे आधी प्रत ठेवा. फार लांब क्रॉसफेड दिला की सूर मधेच पोकळ होतो, कमी टक्क्यांपासून सुरुवात करा.

लूप जमला की त्याच्या शेवटानंतरचा भाग कधीच वाजत नाही. ट्रंकेटमध्ये फक्त 'एंड' निवडून तो कापून टाका. चार सेकंदांचा सूर साडेतीनवर येतो आणि १३ सुरांत अर्ध्या एमबीच्या वर जागा सुटते.

संबळाला वेगळी वागणूक

संबळाला लूप नको. पसंतीच्या पानावर 'ऑटो लूप ऑन'ची खूण असते, ती ठोके घेण्याआधी काढा. नाहीतर प्रत्येक ठोका मशीनगनसारखा वाजत राहील. प्री-ट्रिगर शून्यावर ठेवा आणि कापताना ठोक्याच्या अगदी सुरुवातीला कापा. सुरुवातीला दहा-पंधरा मिलिसेकंदांची शांतता राहिली तरी वाजवताना हात मागे पडल्यासारखा वाटतो. वादक स्वतःला दोष देतो आणि चूक कात्रीची असते.

शेवट मात्र घाईने कापू नका. मोठ्या भांड्याचा घुमारा विरेपर्यंत थांबा आणि शेवटच्या तुकड्याला व्हॉल्यूम रॅम्पने उतार द्या. मोठं भांडं, लहान भांडं, दोन्ही एकदम, दाबून मारलेला ठोका आणि खुला ठोका, असे निदान आठ-दहा घ्या. प्रत्येक ठोका हलका आणि जोरात असा दोनदा. ड्रमकिटमध्ये, म्हणजे कळांवर ठोके वाटून दिलेल्या संचात, एका कळेवर जोराप्रमाणे दोन सॅम्पल लावता येतात, तिथे ते कामाला येतात. सगळे ठोके एकाच जोराचे असले की कितीही चांगला वाजवा, संबळ खेळण्यातला वाटतो.

ड्रमकिट ग्लोबल मोडमध्ये बनतो. तिथे सॅम्पलची बँक रॉमवरून (कंपनीने भरलेल्या आवाजांवरून) रॅमवर आणा आणि ठोके कळांवर लावा. दाबलेला आणि खुला ठोका एकाच एक्सक्लूझिव्ह ग्रुपमध्ये टाका, म्हणजे दाबलेला वाजला की खुल्याचा घुमारा तिथेच थांबतो, हाताने कातडं दाबल्यासारखा. काही ठोके उगाच मोठे आणि काही लहान लागत असतील तर लूप एडिटच्या पानावर आवाज वाढवणारी १२ डेसिबलची खूण काहींना लागली आहे आणि काहींना नाही, हे आधी तपासा.

जागा कमी पडली तर मोठ्या भांड्याच्या खर्जातल्या ठोक्याला रेट कन्व्हर्टने निम्मा दर चालतो. टाळांना तो कधीही लावू नका, त्यांची सगळी चमक वरच्या कंपनांतच असते.

आणखी एक. ज्याचा संबळ तुम्ही घेताय त्या कलाकाराला आधी स्पष्ट सांगा की हा आवाज कीबोर्डमध्ये राहणार आहे आणि कार्यक्रमांत वाजणार आहे. त्याची परवानगी घ्या, बिदागी द्या. पिढ्यान्‌पिढ्या कमावलेला हात आहे तो.

प्रोग्रॅम बनवणं

मल्टिसॅम्पल एडिटमध्ये सगळे इंडेक्स एकदा क्रमाने तपासा: मूळ कळ बरोबर आहे का, वरची हद्द कुठे संपते. मग मेनूतून 'कन्व्हर्ट एमएस टू प्रोग्रॅम'. इथे ज्या क्रमांकावर प्रोग्रॅम टाकाल तिथला जुना प्रोग्रॅम जातो, म्हणून मोकळी बँक आधीच ठरवून ठेवा. प्रोग्रॅममध्ये आवाजाचा आरंभ किंचित मऊ आणि कळ सोडल्यावरचा उतार छोटा ठेवा. पेटी कळ सोडताच थांबते, लांब रिलीज दिला की ती ऑर्गन होते.

सेव्ह करणं

मूळ ट्रायटन आणि स्टुडिओमध्ये हे काम डिस्कच्या पानावर होतं, एक्स्ट्रीममध्ये मीडियाच्या. तीन प्रकारच्या फाइली सॅम्पलच्या आहेत. केएसएफ म्हणजे एक सॅम्पल, केएमपी म्हणजे एक मल्टिसॅम्पल, आणि केएससी म्हणजे त्या सगळ्यांची यादी. केएससी सेव्ह केलीत की त्याच नावाचं एक फोल्डरही तयार होतं आणि खरा आवाज त्या फोल्डरमध्ये असतो. मित्राला पेटी पाठवताना केवळ केएससी पाठवली तर त्याला फक्त यादी मिळते. यादी आणि फोल्डर ही जोडी कधी तोडू नका, आणि संगणकावर नेल्यावर त्यांची नावं बदलू नका.

प्रोग्रॅम, कॉम्बिनेशन आणि ड्रमकिट पीसीजी फाइलमध्ये जातात. दोन्ही लागतात. म्हणून सगळं एकत्र सेव्ह करण्याचा पर्याय निवडा आणि पीसीजी व केएससीला एकच नाव द्या. नाव आठ रोमन अक्षरांत बसवायचं असतं, त्यात वाद्य आणि आवृत्तीचा आकडा येऊ द्या. जुन्या आवृत्तीवर नवी लिहू नका, आकडा वाढवा.

मूळ ट्रायटनला फ्लॉपी आहे. १.४४ एमबीच्या फ्लॉपीत मोनोची जेमतेम १५ सेकंद मावतात, म्हणजे पेटीचे तीन-चार सूर. हौशी लोक फ्लॉपीच्या जागी पेन ड्राइव्ह घेणारा एम्युलेटर बसवतात. त्याने खराब फ्लॉप्यांचा त्रास जातो, पण तो पेन ड्राइव्हचेच फ्लॉपीएवढे कप्पे करतो, कप्प्याची मर्यादा तीच राहते. स्कझीचा बोर्ड मिळाला तर मोठी डिस्क जोडता येते. स्टुडिओत हार्ड डिस्क आहे, एक्स्ट्रीममध्ये कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आणि यूएसबी आहे. आज ट्रायटन घेणाऱ्याला मी एक्स्ट्रीमच घ्या म्हणेन, फक्त या एका कारणासाठी.

आता तो क्रमांकाचा प्रश्न. केएससी लोड करताना मशीन विचारतं: अपेंड की क्लिअर? क्लिअर म्हटलं की रॅम रिकामी होते आणि मल्टिसॅम्पल सेव्ह करताना ज्या क्रमांकांवर होते तिथेच बसतात, प्रोग्रॅमशी त्यांचं नातं जुळतं. अपेंड म्हटलं की ते आधीच्या सॅम्पलच्या पुढे, रिकाम्या क्रमांकांवर जातात. रॅममध्ये आधी काही असेल तर नातं तुटतं आणि पेटीतून संबळ वाजतो. पेटी वेगळ्या दिवशी आणि संबळ वेगळ्या दिवशी भरला असेल तर हे करा: पेटी क्लिअरने लोड करा, संबळ अपेंडने. पेटीचा प्रोग्रॅम तसाच चालतो. संबळाच्या ड्रमकिटमधले सॅम्पल-क्रमांक एकदा हाताने दुरुस्त करा. मग सगळं मिळून नव्या नावाने सेव्ह करा. यापुढे कार्यक्रमासाठी हीच एक जोडी, आणि तीही नेहमी क्लिअरनेच. पीसीजी लोड करताना सोबतची केएससीही लोड करायची का, अशी खूण दिसते. ती लावली की दोन्ही एकदम येतात.

सेव्ह करण्याआधी कचरा काढा. ओव्हरराइट न करता केलेल्या कापाकापीतून जुने तुकडे रॅममध्ये उरलेले असतात. कुठल्याही मल्टिसॅम्पलला न जोडलेले सॅम्पल एकदम पुसण्याची सोय मेनूत आहे, पण ती वापरताना जपा. ड्रमकिटमधले ठोके मल्टिसॅम्पलशिवाय सरळ लावलेले असू शकतात. म्हणून आधी सगळं एका नावाने सेव्ह, मग साफसफाई, मग ड्रमकिटची प्रत्येक कळ वाजवून बघणं, आणि तेव्हाच दुसऱ्या नावाने सेव्ह.

याशिवाय प्रत्येक सॅम्पलची वेव्ह फाइल काढून संगणकावर ठेवा. डिस्कच्या पानावर वेव्ह किंवा एआयएफ म्हणून बाहेर काढण्याचा पर्याय आहे. ट्रायटन उद्या बंद पडला तरी तुमची पेटी दुसऱ्या यंत्रात जाऊ शकेल. यामाहाच्या मोटिफ एक्सएफ कीबोर्डमध्ये ती वेव्ह आत घेऊन फ्लॅश बोर्डवर कायमची ठेवता येते, तिथे वीज गेल्याची भीती नाही. यामाहाच्याच मोंटाजमध्ये मशीनवरच असं सॅम्पलिंग करण्याची सोय नाही, तिथे तयार वेव्हच आत न्यावी लागते. केएसएफ प्रत्येक यंत्र वाचेल याची खात्री नाही, वेव्ह जवळपास सगळीच वाचतात. उलट दिशेनेही हाच रस्ता आहे: फोनवर किंवा स्टुडिओत रेकॉर्ड केलेला ठोका १६ बिट वेव्ह करून ट्रायटनमध्ये लोड करता येतो.

सगळं झाल्यावर कीबोर्ड बंद करा. एक मिनिट थांबा, पुन्हा चालू करा आणि ज्या कार्डवरून किंवा फ्लॉपीवरून कार्यक्रमात लोड करणार त्याच प्रतीवरून लोड करा. घड्याळ लावून किती वेळ लागतो ते लिहून ठेवा, दोन गाण्यांच्या मध्ये तेवढा वेळ मिळणार नाही, तेव्हा लोडिंग साउंड चेकच्या आधीच करायचं. मग खालच्या कळेपासून वरच्या कळेपर्यंत एकेक सूर पाच सेकंद धरून ऐका, संबळाचा प्रत्येक ठोका हलका आणि जोरात वाजवा. सगळं जागेवर असेल तर दुसऱ्या कार्डवर प्रत करा आणि ते कार्ड कीबोर्डच्या बॅगेत न ठेवता घरी ठेवा.